कोणते अहिरे?

गेल्या महिन्यात एका रविवारी मेहरूणच्या बुद्धविहारात वंदना आटोपून आम्ही चपला शोधीत होतो. तेवढ्यात एक तरुण "काका, जयभीम, दोन मिनिटं," म्हणत बाजूला घेऊन गेला. एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात तो मशीनवर आहे. लग्न होऊन वर्ष झाले. घर लहान, धाकटा भाऊ शिकतो आहे, म्हणून शहरातल्या एका कॉलनीत दोन खोल्या भाड्याने पाहिल्या होत्या. भाडे ठरले, डिपॉझिट ठरले. निघताना घरमालकाने नाव विचारले. याने सांगितले. मालक म्हणाला, "अहिरे? कोणते अहिरे?" पोरगा म्हणाला, "चाळीसगावकडचे." मालक हसून म्हणाला, "तसं नाही हो, अहिरे म्हणजे कोणते?" पोराने सरळ सांगितले, "बौद्ध." दुसऱ्या दिवशी निरोप आला की आमचा भाचा शिकायला येणार आहे, खोल्या द्यायच्या नाहीत.

ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. नवे होते ते पोराच्या हातातले कागद. आडनाव बदलण्यासाठी राजपत्रात जाहिरात द्यायचा अर्ज त्याने भरून आणला होता. 'जुने नाव' या रकान्यात अहिरे आणि 'नवीन नाव' या रकान्यात अहिरराव. फक्त सही बाकी. आम्ही सामाजिक कामात असतो, कचेरीतही आमचा संबंध अशाच कागदांशी, म्हणून अर्ज बरोबर भरला की नाही एवढेच तपासून हवे होते. मागे त्याची आई उभी होती. ती माउली अहिराणीत एकच वाक्य बोलली, "नाव बदलीसन घरमालकनं मन बदली जाई का?"

आम्ही म्हटले, बाळा, सही करायच्या आधी आम्हाला दोन रविवार दे. जे नाव तू टाकायला निघालास ते आहे तरी काय, हे एकदा पाहू. तेव्हापासून जे वाचले, विचारले आणि जुन्या कागदांत पाहिले ते आज वाचकांसमोर ठेवतो. अहिरे आडनावाची घरे आपल्या वाचकांत भरपूर आहेत.

प्रथम शब्दाविषयी. आपल्या समाजातले काही वक्ते सांगतात की 'अहि' म्हणजे साप, म्हणजेच नाग. तेव्हा अहिरे हे नागवंशी. ऐकायला हे फार गोड वाटते. 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांनी बौद्ध धम्माचा प्रसार केल्याचे सांगितले, ते आपल्या मनात पक्के बसले आहे. पण म्हणून सापाशी जुळणारा प्रत्येक शब्द नागांचा होत नाही. 'अहि' पुढे 'र' कुठून आला, याचे उत्तर या मांडणीत मिळत नाही. भाषेच्या नियमाने सरळ उत्तर दुसरीकडे मिळते. संस्कृतातला 'भ' किंवा 'ध' प्राकृतात 'ह' होतो. बधिर याचा बहिरा झाला, गभीर याचा गहिरा झाला, तसाच आभीर याचा अहिर झाला. आपल्या खानदेशची बोली अहिराणी, ती याच अहिर शब्दावरून. अहिर या नावाला मराठीचा अनेकवचनी 'ए' लागला की अहिरे. भोसला एक, भोसले अनेक, तसेच हे. गावाकडे अजूनही म्हातारी माणसे 'अहिऱ्याचं पोर' असेच म्हणतात. साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात अहिरे नावाचे गाव आहे, पण खानदेशातल्या घराण्यांना तिकडे जाण्याचे कारण दिसत नाही. आपल्या रावेर तालुक्यात अहिरवाडी आहे. शब्द इथलाच, मातीही इथलीच.

आता आभीर कोण? हे पशुपालक लोक होते आणि पुढे त्यांच्यातून राजे झाले, एवढे इतिहासात निश्चित आहे. समुद्रगुप्ताच्या अलाहाबाद येथील स्तंभलेखात आभीरांचे नाव आहे. पण आपल्याला जवळचा पुरावा नाशिकला आहे. मुंबईकडे जाताना आपण ज्याला पांडवलेणी म्हणतो तो डोंगर म्हणजे त्रिरश्मी. (पांडवांचा तिथे काही संबंध नाही. ती भिक्खूंची लेणी आहेत, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे.) तिथल्या दहा क्रमांकाच्या लेण्याच्या अंगणात आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा लेख कोरलेला आहे. बऱ्याच अभ्यासकांच्या मते इ.स. 248-49 मध्ये सुरू झालेला संवत याच राजाचा. तेव्हा लेख तिसऱ्या शतकाच्या मध्याचा धरायला हरकत नाही.

लेखात राजाचे नाव आहे, पण दान राजाचे नाही. दान एका बाईचे आहे. तिचे नाव विष्णुदत्ता. ती जातीने शक, म्हणजे बाहेरून आलेल्या लोकांपैकी; अग्निवर्म्याची मुलगी, रेभिलाची बायको, विश्ववर्म्याची आई आणि स्वतःला उपासिका म्हणवणारी. तिने त्रिरश्मी डोंगरावरच्या विहारात राहणाऱ्या, चारी दिशांनी आलेल्या भिक्खुसंघातील आजारी माणसांच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवली. 'गिलान' म्हणजे आजारी, हा पालि शब्द आपल्या विहारात ऐकून माहीत असेलच. ठेव कुठे ठेवली? गोवर्धन या गावच्या कारागिरांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे एक हजार कार्षापण, पाणी ओढण्याची यंत्रे करणाऱ्या श्रेणीकडे दोन हजार, आणखी एकीकडे पाचशे. तेल्यांच्या श्रेणीचेही नाव लेखात येते. मुद्दलाला हात लावायचा नाही, उत्पन्नातून औषध आणायचे. याला 'अक्षयनीवी' म्हणत. आम्ही बी. कॉम. केले तेव्हा मुदत ठेव, न्यास, व्याज हे सारे इंग्रजांनी आणले असे आमच्या डोक्यात होते. इथे तर साडेसतराशे वर्षांपूर्वी नाशिकला कारागिरांची पतपेढी चालत होती आणि एक बाई भिक्खूंच्या औषधपाण्याचा ट्रस्ट करीत होती. एक पै इकडची तिकडे होऊ नये म्हणून तिने ते दगडावर कोरून ठेवले. आपल्या काही विहारांच्या जमाखर्चाच्या वह्या पाहिल्यावर ही दगडाची वही फार आठवते. असो.

या लेखात दुसरी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ईश्वरसेन स्वतःला माढरीपुत्र म्हणवतो, म्हणजे आईच्या नावाने. सातवाहनही तसेच, गौतमीपुत्र आणि वासिष्ठीपुत्र. त्या काळी आडनाव नव्हते. चाळीसगावच्या पलीकडे गौताळ्याच्या जंगलात पितळखोऱ्याची लेणी आहेत. चाळीसगाव भागातल्या अहिऱ्यांनी ती अवश्य पाहावीत. तिथल्या दानलेखांत पैठणचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी मितदेव भेटतो, राजवैद्य मगिल भेटतो, आणि यक्षाच्या मूर्तीवर कण्हदास सोनाराने आपले नाव घातले आहे. माणसाची ओळख गावाने, धंद्याने, आईबापाने होई. महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदावर स्वतःच्या नावानंतर आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लावण्याचा निर्णय केला, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. गौतमीपुत्राच्या प्रदेशात तरी त्याचे नवल वाटू नये.

मग आपले अहिरे हे आभीर राजांचे वंशज काय? आमचे प्रामाणिक मत सांगतो. तसा पुरावा नाही आणि त्याची आपल्याला गरजही नाही. खानदेशात पाहा, अहिर सोनार आहेत, अहिर शिंपी आहेत. लाड सोनार वेगळे, अहिर सोनार वेगळे. इथे 'अहिर' याचा अर्थ जात नाही; या मुलखातला, ही बोली बोलणारा, असा आहे. पलीकडे बऱ्हाणपूरजवळच्या असिरगडाचे नावसुद्धा आसा अहिर याच्यावरून पडले असे फेरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. फारुकी सुलतानांनी गड घेतला आणि मुलखाला खानदेश म्हणू लागले, पण बोली अहिराणीच राहिली. ग्रिअर्सन साहेबाने 1907 साली भाषांच्या पाहणीत खानदेशीला भिली बोलींच्या खंडात जागा दिली. 2011 च्या शिरगणतीत खानदेशी भाषा सांगणारे अठरा लाखांवर निघाले. तेव्हा अहिरे म्हणजे खानदेशी माणूस, हा अर्थ आम्हाला सर्वांत पटतो. म्हणूनच हे आडनाव बौद्धांत आहे, मराठ्यांत आहे, चर्मकारांत आहे, इतर समाजांतही आहे. घरमालक 'कोणते अहिरे' विचारतो याचा अर्थच असा की नुसत्या आडनावाने त्याला काही कळले नाही. आडनावाने जात सांगितली असती तर त्याला विचारावे लागले नसते.

सोनवण्यांचेही तेच, सपकाळ्यांचेही तेच. जाधव, मोरे, पवार, गायकवाड, शिंदे यांचे तर सांगायलाच नको.

हे आडनाव पसरले कुठे? आपल्या शिरगणतीत आडनावे मोजत नाहीत, म्हणून पक्का आकडा कुणी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. आम्ही आमच्या घरातली लग्नपत्रिकांची थप्पी काढून बसलो. पंचवीस वर्षांच्या पत्रिका एका ट्रंकेत ठेवण्याची आमची सवय घरात कुणालाच आवडत नाही, पण या वेळी ती कामी आली. अहिरे नावाच्या पत्रिका मुख्यतः पश्चिमेकडच्या निघाल्या. धुळे, साक्री, चाळीसगाव, पाचोरा, भडगाव, अमळनेर, आणि नाशिक जिल्ह्यातले मालेगाव, नांदगाव, सटाणा, कळवण. याचे कारण सोपे आहे. मालेगाव आणि बागलाण हा भाग 1869 साली नाशिक जिल्हा होईपर्यंत खानदेशातच होता. पुढे 1906 साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. सरकारने रेघा मारल्या, सोयरीक मात्र जुन्याच वाटेने चालू राहिली. याउलट भुसावळ ओलांडून मुक्ताईनगर, बोदवड, रावेरकडे गेलो की आपल्यात तायडे, सुरवाडे, वानखेडे, इंगळे भेटू लागतात. तिथली बोलीही वऱ्हाडाकडे झुकते. मेहरूणला आणि जळगावला दोन्हीकडचे लोक एकत्र आले. कुणी डाळमिलवर आले, कुणी रेल्वेत, कुणी चटई आणि पाईपच्या कारखान्यांत. तलावाकाठच्या बोरींची बोरे विकून घर चालवणाऱ्या बायाही त्यांत होत्या. मग अहिऱ्यांची घरे रुळांच्या दिशेने पुढे गेली. भुसावळहून कल्याण, उल्हासनगर, मुंबई. नाशिकरोड आणि देवळाली. तिकडे सुरतेला उधना. सुरतेत तर अहिराणी ऐकू आली की आपण परमुलखात आहोत हे विसरायला होते.

याच ट्रंकेतून एक जुना प्रश्न निघाला. दोन वेगळ्या गावच्या अहिऱ्यांत सोयरीक होते काय? आपल्यातली जुनी माणसे म्हणतात, एक आडनाव म्हणजे भाऊबंद, नको. आम्ही म्हणतो, नाते पाहा, आडनाव पाहू नका. बौद्धांना 1955 चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे. त्यात एकाच आडनावाला किंवा गोत्राला बंदी नाही. बंदी आहे ती जवळच्या रक्ताच्या नात्याला, म्हणजे बापाकडून पाच व आईकडून तीन पिढ्यांपर्यंत. साक्रीचे अहिरे आणि पाचोऱ्याचे अहिरे यांचे पाच पिढ्यांत नाते निघत नसेल तर पोरांचे मन मोडू नये.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या मते या साऱ्या चौकशीत मोलाची गोष्ट आभीर राजात नाही, ती तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आहे.

जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी आपल्याला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, हे आता घरोघरी माहीत आहे. त्यासाठी आपली पोरे जन्ममृत्यूची जुनी नोंद काढतात, म्हणजे गाव नमुना नंबर 14, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. मोडीत किंवा जुन्या बाळबोधीत लिहिलेल्या त्या वह्या आम्ही शेकड्याने पाहिल्या असतील. पाटलाकडे मूल झाले तर पाटलाचे नाव आणि आडनाव. आपल्याकडे मूल झाले तर काय लिहिले आहे? अमुक वल्द तमुक महार. आडनाव नाही. आडनावाच्या जागी जात. पानेच्या पाने उलटा, आपल्या आज्या-पणज्याच्या नावापुढे अहिरे, सोनवणे, तायडे काही सापडत नाही. घरात, भाऊबंदांत, वतनाच्या वाटणीत कुळाचे नाव होते, लोक एकमेकांना त्याने ओळखतही होते. पण सरकारी वहीत ते लिहिण्याच्या लायकीचे कुणाला वाटले नाही. पलटणीतही तेच. कोरेगावच्या स्तंभावर 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांची नावे कोरली आहेत, त्यांचा शेवट 'नाक' ने होतो. जीव दिला, नाव दगडावर आले, तरी आडनाव आले नाही.

मग अहिरे हे नाव कागदावर केव्हा चढले? बहुतेक घरांत ते शाळेच्या दाखल्यात चढले. ज्या बापाने महारकी सांभाळत पोराचे बोट धरून शाळेच्या पायरीपर्यंत नेले, त्याला मास्तराने विचारले, पोराचे पूर्ण नाव काय? आणि त्याने पहिल्यांदा जातीच्या जागी कुळाचे नाव सांगितले. जात वेगळ्या रकान्यात गेली. नावाच्या रकान्यातून ती निघाली. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 या दिवशी 1914 क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव लागले, हे आता सर्वांना ठाऊक आहे. 2017 पासून शासन तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. त्या घराण्याचे कुळनाम सकपाळ आणि गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. गावावरून आलेले नाव शाळेत लागले आणि त्या नावाने जगाचा इतिहास बदलला. जन्मगाव महू, शिक्षण साताऱ्याला आणि मुंबईला, पण नावात कोकणातले ते लहानसे गाव कायम राहिले.

आडनाव बदलणे पाप आहे असे आम्ही कुणाला सांगणार नाही. 31 मे 1936 ला मुंबईच्या महार परिषदेत बाबासाहेबांनी जे भाषण केले, जे 'मुक्ती कोन पथे?' म्हणून प्रसिद्ध आहे, त्यात त्यांनी नामांतराचा विचार केलाच आहे. नावात काही नसते असे ते म्हणाले नाहीत, उलट नावात पुष्कळ असते असेच त्यांचे म्हणणे होते. मात्र हिंदू धर्मात राहून नुसते नाव बदलल्याने अस्पृश्यता सुटत नाही, विचारणारा पुन्हा जात विचारतोच, हा त्यांचा मुद्दा होता. म्हणून त्यांनी धर्मच बदलला. 14 ऑक्टोबर 1956 ला आपण 'महार' हे नाव टाकून 'बौद्ध' हे नाव घेतले. ते नामांतर झाले आहे. त्या पोराने घरमालकाला "बौद्ध" असे ठणकावून सांगितले तेव्हा त्याने ते नाव चालवले. 2011 च्या शिरगणतीत महाराष्ट्रात 65 लाख 31 हजार लोकांनी तेच नाव लिहवले.

अहिरराव झाल्यावर काय होईल, हे आम्ही त्याला कागदाच्या भाषेत समजावले. उद्या दुसरा मालक विचारील, कोणते अहिरराव? मग पुन्हा तोच प्रश्न. तेव्हा खोटे सांगणार की खरे? खोटे सांगायचे तर भिंतीवरून बाबासाहेबांचा फोटो काढावा लागेल, चैत्यभूमीला चोरून जावे लागेल, आई भेटायला आली की ती जयभीम म्हणेल म्हणून धास्ती घ्यावी लागेल. शहरात असे आयुष्य काढणारी आपली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांची पोरे मोठी झाल्यावर एक दिवस विचारतात, आपण कोण? त्या घरातली ती संध्याकाळ फार वाईट असते.

दुसरी अडचण निव्वळ कारकुनी. बापाचा दाखला अहिरे, मुलाचा अहिरराव, नातवाचा तिसराच. पडताळणी समितीपुढे रक्ताचे नाते सिद्ध करताना राजपत्र, प्रतिज्ञापत्र, वंशावळ असे सगळे जोडत बसावे लागते. आपल्यात आधीच कुठे 'अहिरे' तर कुठे 'आहिरे' लिहिलेले असते. एका कान्यासाठी वर्षभर खेटे घालणारी पोरे आमच्याकडे येतात. आधार कार्डावर एक, पॅन कार्डावर दुसरे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिसरे. त्यांना आमचे सांगणे असते की शाळेचा दाखला हे मूळ धरा आणि बाकी सारे त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, आणि हे प्रवेशाच्या तोंडावर नाही, दहावीच्या आधी करा. ज्यांना आडनाव बदलायचेच असेल त्यांनी राजपत्राच्या दोन-चार प्रती जपून ठेवाव्यात, जुन्या नावाचा एकही कागद फेकू नये, आणि नव्या नावाने कागद करून घेण्याआधी आपला जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र हातात आहे याची खात्री करावी. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

पोराने आमचे ऐकून घेतले. वाद घातला नाही, पण पटले असेही म्हणाला नाही. "काका, तुम्ही सांगता ते खरं असेल, पण खोली मला पाहिजे," म्हणाला. यावर आमच्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. भाड्याच्या घरासाठी तिष्ठणाऱ्या माणसाला त्रिरश्मीचा लेख वाचून दाखवून पोट भरत नाही, हे आम्हालाही कळते. म्हणून आम्ही एक केले. विहारातल्या मंडळींकडे शब्द टाकला की ज्यांच्या घरात खोल्या रिकाम्या आहेत त्यांनी आधी आपल्याला कळवावे. एका निवृत्त रेल्वे कामगाराने आपल्या माडीवरच्या दोन खोल्या दाखवल्या. भाडे कॉलनीपेक्षा थोडे कमी, पाणी एक दिवसाआड. सुनेला जागा आवडली असे ऐकतो. स्वयंपाकघराची खिडकी तलावाकडे उघडते.

तिसऱ्या रविवारी तो पुन्हा आला. मधल्या आठवड्यात रजा टाकून आपल्या मूळ गावी आणि तिथून तहसील कचेरीत जाऊन आला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन नकला होत्या. एक पणजोबाच्या घरातल्या जन्माची, त्यावर वल्द आणि महार. दुसरी आजोबाच्या शाळेची, त्यावर अहिरे. दुसऱ्या नकलेवरचे अक्षर वळणदार होते, 'रे' ची मात्रा मास्तराने लांब ओढली होती. आई दोन्ही कागद उलटे धरून पाहत होती, तिला वाचता येत नाही. पोराने तिचे बोट धरून त्या मात्रेवर ठेवले आणि म्हणाला, "इठून शे."

राजपत्राचा अर्ज अजून त्याच पिशवीत आहे. सही झालेली नाही, फाडलेलाही नाही.

ज्या वाचकांकडे 1950 पूर्वीच्या शाळेच्या रजिस्टरातील अहिरे आडनावाची नोंद असेल त्यांनी गावाच्या नावासह नक्कल संपादकांच्या पत्त्यावर पाठवावी. मूळ कागद पाठवू नये. मूळ गाव कोणते, तिथून केव्हा उठलो आणि कुठे आलो हेही दोन ओळींत लिहावे, म्हणजे पत्रिकांच्या ट्रंकेपेक्षा भरवशाचा नकाशा तयार करता येईल. पुढच्या खेपेला सपकाळे. तापीकाठच्या सपकाळे मंडळींची तीन पत्रे आमच्याकडे आलेली आहेत आणि तिन्हींत आडनावाचा अर्थ वेगळा दिला आहे.